सोन्याला लागलेला दात

ढब्बू कशालाही न टेकता बसला, त्या सकाळी सगळं घर हरखलं आणि थोरली मात्र धास्तावली.

पोराला सतरंजीवर ठेवलं होतं. आधी तो उशीला टेकून बसायचा, उशी काढली की कलंडायचा. त्या दिवशी उशी काढली तरी तो आपला तस्साच. दुकानदारानं गादीवर बसावं तसा बसून राहिला आणि समोरच्या मंडळींकडे 'बोला, काय हवंय' अशा नजरेनं बघायला लागला. धाकटी, म्हणजे त्याची आजी, हसून हसून डोळे पुसत होती. धाकट्यानं तंबूंच्या कारखान्यात जायला पायात घातलेली चप्पल परत काढली आणि नातवासमोर फतकल मारली. मग मान वर करून त्यानं भावजयीला विचारलं, "वहिनी, मग वाघ कधी काढताय बाहेर?"

"काढते की," थोरली म्हणाली, आणि चुलीवर काही नसतानाही स्वयंपाकघरात निघून गेली.

वाघ म्हणजे या घरातलं वाघनख. दोन नखं, टोकं एकमेकांकडे वळलेली. बुडाशी सोन्याच्या पातळ पत्र्याच्या दोन टोप्या, टोप्यांना जोडणारी पट्टी, आणि वर गोफ ओवायला कडी. घरातलं पोर बसायला लागलं की हे त्याच्या गळ्यात घालायचं. आणि काढायचं केव्हा? पोराला दात येऊन त्यानं सोनं चावलं, सोन्यावर खूण उमटली, की त्याच दिवशी. ही रीत दुसऱ्या कुठल्या घरात नाही. कुणी घातली आणि कशासाठी, तेही कुणाला धड सांगता येत नाही. 'सोन्याला दात लागला' असं घरात म्हणतात. दात लागला की पोर मुक्कामाला आलं, तोवर ते पाहुणं.

टोप्यांचं सोनं मऊ, आतून लाख भरलेली, त्यामुळे एवढ्याशा दाताचीही खूण उठते आणि राहते. थोरलीच्या सासऱ्यांचे दोन दात डाव्या टोपीवर शेजारी शेजारी होते. तिच्या नवऱ्याचे त्याखाली, कंगवा फिरवल्यासारखे ओळीत. धाकट्याच्या खुणेवरून घरात जुना वाद होता. त्यानं म्हणे कधी चावलंच नाही; वाट बघून कंटाळलेल्या त्याच्या आजीनं शेवटी चमच्याच्या दांड्यानं खूण उठवली. हा विषय निघाला की धाकटा चिडायचा, आणि तो चिडतो म्हणूनच विषय निघायचा. पुतण्यानं, म्हणजे धाकट्याच्या मुलानं, तर टोपीची कडच चावून वाकवली होती.

आणि उजव्या टोपीवर, अगदी बुडाशी, नख जिथे सोन्यात शिरतं तिथे, एकच बारीक खळगा होता. चंद्रकोरीसारखा, मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा. एकाच दाताचा. त्या दाताला सोबती यायला सवड मिळाली नाही.

ती थोरलीची मुलगी. तिला भिंगरी म्हणत. एका बाजूला डोकं करून निजवावी आणि उठून बघावं तर पाय तिथे आणि डोकं भलतीकडे. फोटोवाल्यासमोर आईनं मांडीवर घट्ट धरून बसवली, तरी नेमक्या क्षणी तिनं मान फिरवली. फोटोत आई आहे, बाप आहे, आणि आईच्या मांडीवर नुसता एक हललेला पांढरा डाग आहे. पुन्हा काढू, चालायला लागली की काढू, असं ठरलं. ती चालायला लागलीच नाही. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि तिसऱ्यांदा आला तो तिला घेऊनच गेला. थोरलीनं देवाशी भांडण केलं नाही. हात जोडून एवढंच विचारलं, की न्यायची होती तर दात कशाला दिलास?

त्यानंतर त्या घरात भिंगरीचं नाव कुणी काढलं नाही. थोरलीला त्रास नको म्हणून धाकट्यानं नाही काढलं, धाकटीनं नाही काढलं. नवरा, म्हणजे थोरला, तर आधीच मोजकं बोलणारा. तो दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेला आणि तंबूचे कोपरे शिवत बसला, तेव्हापासून तो आपला शिवतोच आहे. थोरलीनं मनाशी धरलं, की पुरुषांची जात, विसरला असेल. पुन्हा मूल झालं नाही. धाकट्याला मुलगा झाला तेव्हा वाघनख तिनं स्वतःच्या हातानं त्या पोराच्या गळ्यात घातलं, आणि त्यानं कड चावली तेव्हा हसत हसत काढूनही ठेवलं. काढून ठेवण्याचा मान तिचा. थोरल्या सुनेकडेच ते राहायचं.

सासूबाईंनी ते तिच्या हाती दिलं तेव्हा एक गोष्ट सांगितली होती. घरातले पुरुष गिऱ्हाइकांना सांगत, की आमच्या मूळ पुरुषानं वाघाशी झुंज घेतली. धाकट्याच्या तोंडून तर तो वाघ दर वर्षी हातभर वाढत गेला. सासूबाई म्हणाल्या, झुंज नाही न् काही नाही. मूळ पुरुष एका सर्कशीत तंबू शिवायला होता. तिथला वाघ म्हातारा झाला, त्याचे दात पडले. तेव्हा हा माणूस रोज त्याचं मांस सुरीनं बारीक करून त्याला भरवायचा. आणि एका दुपारी हा पिंजऱ्याशी बसून कापडाला ठिगळ लावत असताना त्या वाघानं गजांतून पंजा बाहेर काढला, शिवायच्या कापडावर ठेवला आणि प्राण सोडला. मालकानं दोन नखं याला दिली. ते ठिगळ म्हणे त्यानं कधी पुरं केलं नाही. "दात नसलेल्या वाघाची नखं," सासूबाई म्हणाल्या होत्या, "आणि आपण घालतो दात येणाऱ्या पोरांना. देवाचं डोकं कसं चालतं बघ."

थोरलीनं ते कपाटात, मऊ कापडात गुंडाळून ठेवलं होतं. दुपारी घर निवांत असलं की ती ते काढायची, उजव्या हाताचा अंगठा बरोबर त्या खळग्यावर ठेवायची आणि बसायची. अंगठ्याच्या मांसात ती कोर रुतायची. लेकीचं जगात जे काही उरलं होतं ते एवढंच. फोटोत ती नाही, कपडे वाटून टाकलेले, पाळणा धाकट्याच्या मुलासाठी रंगवला गेला. एक दात लागलेला, तो तेवढा राहिला.

आणि त्याच टोपीतलं नख हलायला लागलं होतं. आतली लाख सुकून आटली होती. बरीच वर्षं झाली होती या गोष्टीला. एकदा सोनाराकडे दुसऱ्याच कामाला गेली असताना तिनं सहज विचारावं तसं विचारलं होतं, की लाख सुकली तर काय करतात. सोनारानंही सहजच सांगितलं: तापवून जुनी लाख काढायची, पत्रा आतून ठोकून सारखा करायचा, मग नवी भरायची. "पोचे बिचे सगळे निघून जातात वहिनी, नव्यासारखं होतं." ती घरी आली आणि कारखान्यातल्या मेणदोऱ्याचा एक तुकडा घेऊन तिनं नखाच्या बुडाला वेढे घातले, वर दोन गाठी मारल्या. ते तसंच टिकलं. दोरा कधी ढिला झाला नाही. देवाची कृपा, असं ती म्हणायची.

आता ढब्बू बसायला लागला होता.

दोन दिवस ती आज काढते, उद्या काढते करत राहिली. तिसऱ्या दिवशी धाकटी हसत म्हणाली, "जाऊबाई, वाघ काय पिंजऱ्यातून यायला नको म्हणतोय का?" मग मात्र काढावं लागलं. पुतण्याच्या बायकोनं, घरातल्या नव्या सूनबाईनं, ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मुलगी मोठी बारीक नजरेची. ती म्हणाली, "मोठी आई, हे एक नख थोडं हलतंय का?"

"ते पहिल्यापासून तसंच आहे," थोरली म्हणाली.

"आणि हा दोरा?"

"सोन्याची कड बोचू नये म्हणून बांधलाय पोराला."

सूनबाईनं मान डोलावली. ज्या विश्वासानं डोलावली त्यानं थोरलीला आपल्याच जिभेची शरम वाटली. पण खूण राहिली, हे सुख त्या शरमेपेक्षा मोठं होतं.

ढब्बूला वाघ आवडला. दिवसभर ते त्याच्या तोंडात. लाळेनं गोफ भिजायचा, झबलं भिजायचं, आणि दोऱ्याचं मेण हळूहळू मऊ पडत गेलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. थोरलीच्याही नाही, आणि तिच्या तर यायला हवं होतं.

एका दुपारी धाकटी बाजारात गेली होती, सूनबाई वर कपडे वाळत घालत होती. ढब्बू थोरलीच्या मांडीवर होता. ती त्याला काहीबाही गुणगुणून दाखवत होती. तो चोखता चोखता एकदम थांबला. तोंड उघडं, आवाज नाही, डोळे मोठे झालेले. थोरलीनं खाली पाहिलं. सोन्याची टोपी छातीवर होती, दोऱ्याचं वेटोळं टोपीला चिकटून लोंबत होतं, गाठीसकट, आणि वेटोळ्यात नख नव्हतं.

तिनं काय केलं ते तिला नंतरही आठवेना. पोराला पालथं केलं असणार, तोंडात बोट घातलं असणार. बोटाला जिभेमागं काहीतरी गुळगुळीत, वाकडं लागलं. ते तिनं ओढलं. नख तिच्या हातात आलं, लाळेनं माखलेलं, आणि मागोमाग पोराचा असा टाहो फुटला की वरून सूनबाईनं विचारलं, "काय झालं मोठी आई?"

"काही नाही गं," थोरली म्हणाली. "पडला कुशीवर."

सूनबाई खाली येईपर्यंत तिनं वाघनख त्याच्या गळ्यातून काढून कनवटीला लावलं होतं. पोर आईच्या खांद्यावर मुसमुसत झोपलं. थोरली तिथेच बसून राहिली. तिच्या बोटावर हिरड्यांचा दाब अजून होता. त्या घरात दुसऱ्यांदा पोर गेलं असतं, आणि या वेळी तापानं नाही, तिच्या अंगठ्यानं. देवा, तिनं मनात म्हटलं, माझं एक ठेवायला मी दुसरं द्यायला निघाले होते. उठून तिनं चप्पल पायात सरकवली.

सोनाराचं दुकान म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक खोली. पुढे काच, काचेमागे बैठक, बैठकीवर दिवा, फुंकणी, चिमटे आणि पाण्याचं तसराळं. सोनार तिच्या नवऱ्याच्या वयाचा, बडबड्या. उन्हात चालत आलात, आधी टेका, पाणी घ्या, थोरला बरा आहे ना, अजून बोलत नाही ना, असं सगळं त्यानं एका दमात विचारून घेतलं. थोरलीनं रुमाल उघडून वाघनख आणि सुटलेलं नख त्याच्यापुढे ठेवलं. पोराच्या गळ्यातलं आहे, पक्कं करून द्या, म्हणाली.

त्यानं डोळ्याला भिंग लावलं. दुसऱ्या टोपीचीही लाख सुकलीय, म्हणाला. दोन्ही भरू, नाहीतर आज हे आणि उद्या ते. टोप्यांवरच्या खुणा जातील, ते आधीच सांगून ठेवतो.

"एक ठेवता येणार नाही?" थोरलीनं विचारलं. "एवढी एकच. ही."

सोनारानं त्या जागेवर भिंग नेलं. बराच वेळ बघितलं. ही तर नेमकी कडेला आहे, तो म्हणाला. पत्रा तिथंच आत दबलाय, म्हणून लाखेला तिथंच धरायला जागा नाही. ती ठेवली तर नख पुन्हा सुटेल. नवी टोपी करता येईल, पण तिला सोनं लागेल, आणि घरात दुसरं सोनं नसेल तर याच टोपीचं वितळवावं लागेल. घरात दुसरं सोनं नव्हतं. सोनारानं विचारायचं ते विचारलं नाही; इतकी वर्षं बायकांच्या हातचे दागिने उतरवून घेतलेला माणूस, त्याला गप्प कुठे बसायचं ते कळत होतं.

त्यानं दिवा लावला. चिमट्यानं दोऱ्याचं वेटोळं टोपीवरून सोडवलं आणि काळ्या कापडावर ठेवलं. मग हसला. "थोरल्यानं बांधलंय होय? तरीच. त्याची गाठ कुठेही ओळखू येते. ते बघा." त्यानं चिमट्यानं वर, दुकानापुढच्या कापडी छताकडे दाखवलं. "तुमच्याच कारखान्यातलं. गेल्या वादळात शेजारचे पत्रे उडाले, हे नाही उडालं."

थोरलीनं आधी छताकडे पाहिलं, मग कापडावरच्या दोऱ्याकडे. चपटी, आडवी, दोन्ही टोकं आत दडपलेली गाठ. तंबूच्या कड्यांना मारतात ती. घरात ती एकालाच येत होती. पुतण्याला शिकवून शिकवून आली नव्हती. थोरलीला तर साधी गाठ धड येत नसे. तिनं बांधलेली पुडकी रस्त्यात सुटायची, आणि घरभर त्यावर चेष्टा व्हायची.

ती गाठ तिची नव्हती. इतकी वर्षं दोरा ढिला झाला नव्हता, तो देवाच्या कृपेनं नव्हे. किंवा कृपेनंच, पण त्या कृपेला हात होते, सुईनं भोकं पडलेले.

सोनारानं फुंकणी तोंडाला लावली.

"थांबा," थोरली म्हणाली. "मी आले."

कारखाना दोन गल्ल्या सोडून होता. एरवी ती तिथे फारशी जात नसे. आत जाडजूड कापडाचे ढीग, मोठ्या यंत्राची धडधड, मेणाचा आणि कोऱ्या ताडपत्रीचा वास. धाकटा गिऱ्हाइकाशी बोलत होता. थोरला एका कोपऱ्यात जमिनीवर बसून तंबूचा कोपरा हातानं शिवत होता, तळव्याला कातड्याचा पट्टा, दातात दोऱ्याचं टोक. त्यानं तिला पाहिलं आणि दोरा दातातून सोडला.

"चला," ती म्हणाली.

का, कुठे, काही न विचारता तो उठला. पट्टा काढायचाही राहिला. रस्त्यात तो नेहमी चार पावलं पुढे चालायचा. त्या दिवशी बाजूनं चालला. तिनं खाली बघत सांगितलं, की नख ढब्बूच्या तोंडात गेलं होतं, घशापर्यंत, मी काढलं, कुणाला माहीत नाही. तो उभा राहिला. मग पुन्हा चालायला लागला.

"दोरा तुम्ही बांधत होता," ती म्हणाली.

"तू बांधलेला सुटायचा. तुला गाठ कुठे येते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. तू बाजारात गेलीस की काढायचो. बसायचो जरा." थोडं चालून झाल्यावर तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं, तर तू ते बघायचं सोडलं असतंस. माझ्यासमोर रडायला नको म्हणून."

खरंच सोडलं असतं. आणि तिला माहीत आहे असं त्याला कळलं असतं तर त्यानंही सोडलं असतं. एकाच कपाटातून एकच गोष्ट दोघं चोरून काढत होती, पुसून जागच्या जागी ठेवत होती, आणि ती मात्र त्यालाच विसराळू समजत होती.

सोनारानं दोघांना जागा करून दिली. थोरल्यानं टोपी उचलली. पाहिलं नाही, दुकानाबाहेर कुठेतरी बघत राहिला. अंगठा मात्र फिरला आणि त्या खळग्यावर जाऊन थांबला, रोजच्या वाटेनं गेलेल्या बैलासारखा. अंगठा सुईच्या टोचण्यांनी घट्टा पडलेला. त्याला तिथे काय लागत असेल, कितपत लागत असेल, थोरलीला कळेना. पण त्याचा खालचा ओठ हलायला लागला, तेव्हा कळलं.

मेणावर ठसा घेऊन देऊ का, सोनारानं हळूच विचारलं. खूण मेणात राहील.

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली. "तिचं तोंड सोन्याला लागलं होतं," ती म्हणाली. "मेणाला नाही."

मग तिनं त्याच्या हातातून टोपी घेतली, स्वतःचा अंगठा एकदा ठेवला. आणि परत दिली. सोनाराला नव्हे, नवऱ्याला. त्यानं ती सोनाराला दिली.

फुंकणीची निळी जीभ सोन्यावर फिरली. जुनी लाख भुगा होऊन बाहेर पडली, काळपट, जळका वास असलेली. सोनारानं टोपी पाण्यात विझवली, आतून एक गोल डोक्याची सळई लावली आणि तीन-चार बारीक ठोके दिले. आवाज फार लहान होता. पत्रा वर आला. कोर गेली. दुसऱ्या टोपीवरून सासऱ्यांचे दोन दात गेले, कंगव्याची ओळ गेली, वाद असलेला चमचा गेला, चावलेली कड सरळ झाली. नवी लाख भरली, नखं बसली, आणि सोनारानं ओढून दाखवलं. हलेना.

दोघं घरी पोचली तेव्हा सगळी मंडळी जमली होती. वाघ कुठे गेला म्हणून शोधाशोध झालेली. थोरलीनं ते बाहेर काढलं तेव्हा सूनबाईचा चेहरा उजळला. अगदी नव्यासारखं झालं, ती म्हणाली, आणि कसलाही आड विचार नसलेल्या त्या वाक्यानं थोरलीच्या काळजाचा लचका तोडला.

धाकट्यानं ते हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. उजेडात धरलं.

"बाबांचे दात कुठायत?"

धाकटीनं वातावरण सांभाळायला म्हणून म्हटलं, की चला, चमच्याची भानगड तरी मिटली. कुणी हसलं नाही.

"विचारायचं तरी होतं वहिनी," धाकटा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण कधी नव्हे इतका कोरडा होता. "बाबा गेल्यावर त्यांचं हातात धरायला एवढंच होतं मला. तुमच्याकडे ठेवायला दिलं होतं ते. तुमचं नव्हतं."

थोरली उभी राहिली. तिला बोलता आलं असतं. पण बोलायचं तर सुरुवात कुठून करायची, हेच कळेना. तेव्हा थोरला, ज्यानं धाकट्या भावाला आयुष्यात उलटून उत्तर दिलं नव्हतं, तळहातावरचा पट्टा सोडता सोडता म्हणाला, "बाबांचे गेले. माझे गेले." पट्टा सुटला. "भिंगरीचाही गेला."

ते नाव इतक्या वर्षांनी त्या खोलीत उच्चारलं गेलं. धाकट्याचा हात होता तिथंच थांबला. याच काकाच्या खांद्यावर बसून ती त्याचे केस ओढायची. त्याच्याशिवाय कुणाकडून जावळ विंचरून घ्यायची नाही. तो मटकन खाली बसला, वाघनख मुठीत धरून. धाकटीनं पदर तोंडाशी नेला.

सूनबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले. त्याला लहानपणी एकदा हे नाव कानावर आलं होतं, आणि विचारल्यावर त्याला खेळायला बाहेर पाठवलं होतं.

"भिंगरी कोण, मोठी आई?"

थोरलीनं आधी दुसरंच सांगितलं. ते आधी सांगायला हवं होतं. म्हणाली, "दुपारी तुझं पोर कुशीवर पडलं नव्हतं. ते नख सुटून त्याच्या घशात गेलं होतं. हलतंय ते तू मला विचारलं होतंस. मला माहीत होतं. खूण जाईल म्हणून मी खोटं बोलले."

सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं ढब्बूला उचलून असं छातीशी आवळलं की तो कुरकुरला. तिनं त्याचं तोंड उघडून पाहिलं, ओठ पाहिले, गळा चाचपला. थोरली मान खाली घालून उभी होती. जे येईल ते घ्यायला.

मग सूनबाई उठली. थोरलीच्या हाताला धरून तिनं तिला सतरंजीवर बसवलं, आणि ढब्बूला तिच्या मांडीवर ठेवलं. स्वतः शेजारी बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

धाकट्यानं मूठ उघडली आणि वाघनख पुढे केलं. थोरलीनं ते पोराच्या गळ्यात घातलं. ढब्बूनं लगेच सोनं तोंडात कोंबलं आणि हिरड्यांनी चावायला लागला. अजून काही उमटत नव्हतं. थोरलीचा अंगठा सवयीनं उजव्या टोपीकडे गेला. तिथे गुळगुळीत होतं, ओलं होतं, आणि काहीच नव्हतं.

"दिसायला कशी होती?" सूनबाईनं विचारलं.

थोरल्यानं आतून फोटो आणला आणि तिच्यापुढे धरला. सूनबाई त्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिली.

"यात ती आली नाही," थोरली म्हणाली. "फिरली ना तेवढ्यात. सांगते तुला." तिनं डोळे पुसले नाहीत. "एका बाजूला डोकं करून निजवायचे मी तिला..."

"आणि सकाळी पाय तिथे," थोरला म्हणाला.